पिकअपचे इंजेक्टर : मोठे बसवण्याआधी असलेले तपासा
(शेतकरी मेळाव्यात दिलेले भाषण)



आज आपल्या भागात बैलगाडीची जागा पिकअपने घेतली आहे. सकाळी दूध, दुपारी खताच्या गोण्या, रात्री भाजीपाल्याचे क्रेट आणि मधल्या वेळेत मुलांची शाळा, अशी एकच गाडी दिवसभर राबते. हल्ली अनेकजण विचारतात, "साहेब, गाडी चढाला दम टाकते. मोठे इंजेक्टर बसवले तर ताकद वाढेल का?" हाच प्रश्न माझ्या मेहुण्यानेही विचारला होता. तो नारायणगाव भागात टोमॅटो पिकवतो आणि माल रात्री वाशीच्या बाजारात नेतो. "दाजी, एका गॅरेजवाल्याने सांगितलंय, मोठे नोझल टाका, गाडी पळेल. टाकू का?" मी म्हटले, "थांब. आधी असलेले काय करतात ते पाहू."

इंजेक्टरचे काम

हे काम आपल्याला नवे नाही. फवारणी पंपाचे नोझल झिजले, भोक मोठे झाले की काय होते? औषध जास्त पडते, पण थेंब जाड होतात, पानावरून ओघळतात आणि कीड तशीच राहते. डिझेल इंजिनातही हेच घडते. इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून इतकी तापवली जाते की त्यात सोडलेले डिझेल आपोआप पेटते. हे डिझेल अत्यंत बारीक तुषारांच्या रूपात, नेमक्या क्षणी आणि नेमके मोजून सोडणे हे इंजेक्टरचे काम. थेंब बारीक असेल तर पूर्ण जळतो. जाड असेल तर अर्धवट जळतो आणि उरलेल्याचा काळा धूर होतो.

जुन्या, यांत्रिक पंपाच्या गाड्यांत इंजेक्टरची सुई साधारण १२० ते २५० बार दाबाला उघडते. कॉमन रेल पद्धतीत हाच दाब १,६०० बार किंवा त्याहून अधिक असतो. ही पद्धत प्रवासी मोटारीत १९९७ साली आली व पुढे आपल्या पिकअपपर्यंत पोहोचली. तिचे इंजेक्टर संगणकीय नियंत्रकाच्या हुकमाने उघडतात.

नुसते डिझेल वाढवून ताकद येत नाही

एक किलो डिझेल पूर्ण जळण्यास सुमारे साडेचौदा किलो हवा लागते. प्रत्यक्षात धूर होऊ नये म्हणून याहून बरीच जादा हवा द्यावी लागते. आता इंजेक्टर मोठे केले आणि हवा तेवढीच राहिली, तर जादा डिझेल कुठे जाणार? थोडी ताकद वाढते हे खरे, पण बाकीचे धूर आणि उष्णता बनून बाहेर पडते. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते. लांब चढावर भार ओढताना जादा डिझेल सतत जळत राहिले, तर पिस्टनचे डोके खाल्ले जाते आणि टर्बोवरही ताण येतो. न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून ऑईल पातळ करते. पातळ ऑईल म्हणजे बेअरिंगचा शत्रू.

खर्चाचा हिशेबही मांडून पाहा. समजा, गाडी महिन्याला ३,००० किलोमीटर चालते आणि ॲव्हरेज १२ चे आहे. डिझेल लागते २५० लिटर. ॲव्हरेज १० वर आले तर ३०० लिटर लागते. लिटरला ९० रुपये धरले, तर महिन्याला ४,५०० रुपये नुसते धुरात जातात.

मेहुण्याच्या गाडीत काय सापडले?

त्याची गाडी जुनी, यांत्रिक पंपाची. चारही इंजेक्टर काढून नोझल टेस्टरवर लावले. दोन चांगले होते. तिसऱ्यातून तुषाराऐवजी धार येत होती आणि चौथे दाब नसतानाही टपकत होते. एअर फिल्टर धुळीने गच्च भरला होता. घरी पिंपात साठवलेले डिझेल तो तळापर्यंत वापरत असे. त्यातले पाणी आणि गाळ इंजेक्टरपर्यंत गेला होता. म्हणजे गाडीला मोठे नोझल नको होते, तिला धड नोझल हवे होते. कंपनीने ठरवलेल्या मापाचे चारही नोझल एकाच वेळी बदलले, दोन्ही फिल्टर नवे टाकले. गाडीचा दम परत आला.

त्याच दिवशी चाके उतरवली, तर पुढचे ब्रेक जवळजवळ संपलेले निघाले. मी त्याला विचारले, "तुझी गाडी भरलेली कधी असते?" तो म्हणाला, "जाताना." जाताना म्हणजे माळशेज उतरताना! भरलेली गाडी घाट उतरते आणि रिकामी चढते. मग जादा ताकद नेमकी कशासाठी? घाटमाथ्यावरून मुंबईला माल नेणाऱ्या प्रत्येकाने हा विचार करावा. इंजेक्टरसाठी बाजूला ठेवलेले पैसे त्याने ब्रेक आणि टायरवर खर्च केले. रात्री दोन वाजता, धुक्यात, मागे क्रेट भरलेले असताना घरच्यांना कशाची काळजी असते हे मी वेगळे सांगायला नको.

तपासणीचा क्रम

१) एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, टायरमधील हवा आणि गाडीतील भार आधी पाहावा. क्षमतेपेक्षा जास्त माल भरला, तर दोष इंजेक्टरचा नसतो.
२) फिल्टरखालील पाणी वेळच्या वेळी सोडावे. पिंपातील डिझेल तळ ढवळून वापरू नये. रॉकेलची भेसळ टाळावी. डिझेलच पंपाचे व सुईचे वंगण असते. रॉकेलने ते कमी होते.
३) काळा धूर, सकाळी उशिरा सुरू होणे, ठोक्याचा आवाज किंवा ऑईलची पातळी वाढणे, यापैकी काही दिसल्यास इंजेक्टर टेस्टरवर तपासून घ्यावेत.
४) इंजेक्टर बसवताना खालचा तांब्याचा वायसर दरवेळी नवा टाकावा आणि ठरवलेल्या ताकदीनेच आवळावे.
५) कॉमन रेल गाडीत अनेक इंजेक्टरवर स्वतःचा संकेतांक असतो. नवा इंजेक्टर बसवल्यावर तो स्कॅनरने नियंत्रकात नोंदवून घ्यावा. नाहीतर चांगला इंजेक्टरही चुकीचे माप देतो.
६) इंजिन चालू असताना गळती हाताने चाचपू नये. या दाबाची धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसली तरी ताबडतोब दवाखान्यात जावे. उशीर झाल्यास बोट किंवा हात गमवावा लागतो.

मोठे इंजेक्टर कधीच बसवू नयेत का?

जुन्या टर्बो गाडीत तज्ज्ञ पंप-कारागीर थोडी वाढ करून देऊ शकतो. पण त्यासोबत हवा वाढवणे, पंप पुन्हा जुळवणे आणि धुराड्यातील तापमान दाखवणारा मीटर बसवणे आवश्यक आहे. हा सारा खर्च धरला तर रोजच्या वापराच्या गाडीला तो क्वचितच परवडतो. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकाच्या गाडीत तर हा विचारच करू नये. तिच्यातील काजळी अडवणारी गाळणी जादा धुराने तुंबते आणि ती महाग असते. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनात मनाजोगे फेरबदल करण्यास मर्यादा आहेत. वॉरंटी जाते आणि पीयूसीच्या वेळीही धूर आडवा येतो.

बंधूंनो, पिकाला खत देण्याआधी आपण माती तपासतो. गाडीच्या बाबतीतही तोच नियम पाळावा. पुढच्या हंगामाआधी एक दिवस काढा, इंजेक्टर टेस्टरवर लावा आणि त्याच दिवशी ब्रेकही उघडून पाहा.