चाचणीतला भाव आणि हाती आलेला भाव



काल याच व्यासपीठावर ज्ञानेश्वरीवर व्याख्यान झालं, उद्या पाणीप्रश्नावर आहे. वैराग्य आणि दुष्काळ यांच्या मधोमध संयोजकांनी शेअरबाजार बसवला, त्यात त्यांचा काही हेतू असावा. आत येताना दोघातिघांनी ‘उद्या काय घ्यावं’ हे विचारलंच. मी टिप देत नाही, आणि चुकून दिलीच तर घेऊ नका. माझा विषय आहे तो कुणाला न विचारता, स्वतःच्या मनालाही न विचारता, लिहून ठेवलेल्या नियमांनी सौदे करण्याचा. असे नियम तपासायचे कसे, आणि तपासल्यावर पाळायचे कसे.

नियम म्हणजे फार काही गूढ नसतं. अमेरिकेत रिचर्ड डॉनचियन नावाचे गृहस्थ होऊन गेले. त्यांचा चार आठवड्यांचा नियम पोस्टकार्डावर मावतो. मागच्या चार आठवड्यांतला सर्वांत वरचा भाव ओलांडला गेला की खरेदी करा. सर्वांत खालचा भाव तुटला की ती विकून उलट मंदीचा सौदा करा. संपलं. कंपनीचा ताळेबंद नको, बातम्या नकोत, सरकार टिकेल की पडेल याची चिंता नको.

या नियमाच्याच जवळचा एक नियम घेऊन शिकागोमध्ये १९८३ च्या अखेरीस एक प्रयोग झाला. रिचर्ड डेनिस आणि विल्यम एकहार्ट या दोघा मित्रांमध्ये वाद होता की सौदे करणारा जन्मावा लागतो, की तो घडवता येतो. डेनिस म्हणाला, घडवता येतो. त्यांनी वर्तमानपत्रात जाहिरात दिली, काही माणसं निवडली, त्यांना दोन आठवडे शिकवलं आणि डेनिसच्या पैशावर सौदे करायला बसवलं. ‘टर्टल’ या नावाने पुढे प्रसिद्ध झाले ते हेच. वीस दिवसांचा उच्चांक ओलांडला की खरेदी, बाजार रोज किती हलतो ते मोजून त्यावरून सौद्याचा आकार, आणि तोटा कुठे कापायचा तेही आधीच ठरलेलं. त्यांच्यातल्या अनेकांनी भरपूर कमावलं. पण मला त्यातली दुसरी गोष्ट मोलाची वाटते. एकाच वर्गात तेच नियम शिकलेल्यांचे आकडे मात्र वेगवेगळे आले. डेनिसचं तर म्हणणं असे की हे नियम पेपरात छापले तरी फारसं कुणी पाळणार नाही.

आता माझीच एक फजिती सांगतो. पंधराएक वर्षांपूर्वी मी ॲमीब्रोकर हे सॉफ्टवेअर शिकलो आणि निफ्टी फ्युचर्सवर एक नियम तपासला. आलेख जिन्यासारखा असा चढत गेला की बायकोला स्वयंपाकघरातून हाक मारून दाखवला. दोन रात्री झोप नाही. नोकरी सोडायची की वर्षभर थांबायचं, एवढाच प्रश्न उरला होता. तिसऱ्या रात्री चूक सापडली. माझा नियम असा होता की बाजार कालच्या उच्चांकाच्या वर बंद झाला तर खरेदी करायची, आणि प्रोग्रॅममध्ये मी खरेदी धरली होती त्याच दिवशीच्या सकाळच्या भावाला. दुपारी साडेतीनला कळणारी गोष्ट मी सकाळी सव्वानऊला वापरत होतो. पेपर फुटला होता आणि फोडणारा मीच होतो. खरेदी दुसऱ्या दिवशीच्या सकाळवर ढकलली, तेव्हा त्या जिन्याचा सपाट ओटा झाला.

ही चूक ढोबळ, म्हणून सापडते. दुसरी असते ती सापडत नाही, कारण आपल्याला ती सापडायला नकोच असते. वीस दिवसांऐवजी अठरा करून पाहू. सोमवार वगळून पाहू. तोटा दीड टक्क्याऐवजी एक पूर्णांक तीन टक्क्यांवर कापू. असं करत करत भूतकाळाशी नियमाचे छत्तीस गुण जुळवायचे. पण हजार चोवीस माणसांनी प्रत्येकी दहा वेळा नाणं उडवलं तर सरासरीने एकाला दहाही वेळा छापा मिळतो, आणि त्याला हात असतो तो फक्त योगायोगाचा. तुम्ही हजार पर्याय चालवून त्यातला सर्वोत्तम निवडलात, तर तो माणूस तुम्ही घरी आणलेला असतो.

यावर आपल्याकडच्या स्थळ पाहायच्या पद्धतीहून चांगला उपाय मला अजून मिळालेला नाही. पत्रिकेवर जाऊ नये, शेजारीपाजारी चौकशी करावी. वीस दिवसांचा नियम नफा देतो, पण अठरा, एकोणीस, एकवीस, बावीस हे त्याचे शेजारी तोट्यात आहेत, तर वीसवर विश्वास ठेवू नका. शेजारीही थोडेफार बरे चाललेले असतील तर पुढची बोलणी. आणि हाताशी असलेल्या आकड्यांतली शेवटची काही वर्षं कुलपात ठेवा. नियम पक्का झाल्यावर ती एकदाच उघडायची. निकाल वाईट आला म्हणून नियम बदलून पुन्हा त्याच वर्षांवर तपासलात, तर ती बोर्डाची परीक्षा राहिली नाही, तीही प्रिलिमच झाली.

शेअर्सवर नियम तपासणाऱ्यांना आणखी एक इशारा. आज निफ्टीत असलेले पन्नास शेअर्स घेऊन मागची वीस वर्षं तपासणं म्हणजे वर्गाच्या स्नेहसंमेलनाला आलेल्यांवरून वर्गाचं आयुष्य ठरवणं. जे आले नाहीत त्यांचं काय? ७ जानेवारी २००९ या दिवशी सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीच्या अध्यक्षांचं खोट्या हिशेबांचं कबुलीपत्र बाहेर आलं आणि शेअर एका दिवसात तीन चतुर्थांशांहून अधिक कोसळला. त्या दिवशी सत्यम निफ्टीत होता; काही दिवसांत काढला गेला. आजच्या यादीवर केलेल्या चाचणीत तो सौदा कधीच होत नाही. त्या सकाळी तो ज्यांच्याकडे होता, त्यांचा मात्र झाला.

खर्चाचं गणित थोडक्यात उरकतो. २०२५ मधला सौदा घेऊ, तेव्हा लॉट ७५ चा होता. समजा निफ्टी २४,००० वर होता. सौदा अठरा लाखांचा झाला. फ्युचर्स विकताना लागणारा एसटीटी हा कर ऑक्टोबर २०२४ मध्ये वाढून तेव्हा ०.०२ टक्के झाला होता. म्हणजे ३६० रुपये. घेताना दोन अंश आणि विकताना दोन अंश भाव हातातून निसटला, तर आणखी ३००. दलाली आणि बाकीचे आकार धरलेलेच नाहीत. तुमचा नियम दर सौद्याला सरासरी सहा अंश, म्हणजे ४५० रुपये देत असेल, तर चाचणीत तुम्ही श्रीमंत आहात आणि खात्यात दर सौद्याला दोनशे रुपये घालवताय.

पण हे झाले रोजचे, सवयीचे खर्च. नियमाची खरी परीक्षा ऑर्डर भरली जाते त्या क्षणाला होते. चाचणीत तोटा कापायचा भाव लिहिला की त्याच भावाला तोटा कापला जातो. बाजाराने तसं वचन दिलेलं नाही. २००९ च्या लोकसभेचा निकाल शनिवारी लागला आणि १८ मेच्या सोमवारी बाजार उघडताच वरच्या सर्किटला जाऊन थांबला. सेन्सेक्स २१०० अंशांहून अधिक वर. शुक्रवारी मंदीचा सौदा घेऊन घरी गेलेल्याचा स्टॉपलॉस, म्हणजे तोटा कापायचा भाव, पन्नास अंशांवर असो की शंभरावर, मधल्या भावात सौदाच झाला नाही.

त्याहून अजब घटना कच्च्या तेलाची. २० एप्रिल २०२०. जगभर लॉकडाउन, तेलाला गिऱ्हाईक नाही, ओक्लाहोमातल्या कुशिंगच्या टाक्या भरत आलेल्या. अमेरिकेतल्या मे महिन्याच्या वायद्याची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. आपल्याकडे मुंबईच्या एमसीएक्स या वायदेबाजारातला वायदा तिथल्याच भावाने मिटतो, आणि त्याची मुदत २० तारखेलाच संपत होती. एरवी एमसीएक्स रात्री उशिरापर्यंत चालतं, लॉकडाउनमुळे ते संध्याकाळी पाचला बंद होत होतं. पाच वाजता भाव होता बॅरलला ९६५ रुपये. स्वस्तात मिळतंय म्हणून घेणारे होते, आणि नियमाने घेणारेही असतील. मग आपण जेवून झोपायच्या तयारीत असताना न्यूयॉर्कमध्ये भाव शून्यावर आला, तिथेही थांबला नाही आणि उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. तेल घ्या आणि वर पैसेही घ्या. एमसीएक्सने हिशेब मिटवला तो उणे २,८८४ रुपयांना. शंभर बॅरलचा एक लॉट, म्हणजे ९६५ ला घेतलेल्याचे तीन लाख चौऱ्याऐंशी हजार नऊशे रुपये गेले, आणि तेही ९६,५०० रुपयांच्या मालावर.

चाचणी करणाऱ्याने काय करायला हवं होतं? वायद्याच्या आधीच्या सगळ्या इतिहासात शून्याखालचा भाव नव्हता. आकड्यांतून तो कुणालाही दिसला नसता. पण बाजार पाचला बंद होतो आणि हिशेब रात्रीच्या भावाने होतो, हे परिपत्रकात होतं. चाचणी आकडे वाचते, परिपत्रकं वाचत नाही. ती आपणच वाचायची. तेव्हापासून मी मुदतीच्या शेवटच्या दिवशी सौदा ठेवत नाही. हा नियम माझ्या चाचणीतला नफा थोडा कमी करतो, करू दे.

‘मग माणूस मधून काढून टाका, यंत्रालाच करू द्या’ असं तरुण मंडळी म्हणतात. १ ऑगस्ट २०१२ ला अमेरिकेत नाइट कॅपिटल या बड्या कंपनीने तेच केलं होतं. आठ सर्व्हरपैकी सातांवर नवा प्रोग्रॅम चढवला, आठवा राहून गेला. त्यावर वर्षानुवर्षं निजलेला जुना प्रोग्रॅम जागा झाला आणि पंचेचाळीस मिनिटं ऑर्डरी सोडत राहिला. बाजार उघडण्यापूर्वी इशाऱ्याच्या ९७ ईमेल आल्या होत्या. गोंधळ आवरायला लोकांनी बरोबर चालणाऱ्या सात सर्व्हरांवरचा नवा प्रोग्रॅमच काढला, आणि आग आणखी पसरली. तोटा ४६ कोटी डॉलरहून अधिक. नियम चुकला नव्हता. चढवणारा आठवा सर्व्हर विसरला होता.

बाजाराची नियामक संस्था सेबीच्या २०२४ च्या अहवालात आहे की वायदे आणि ऑप्शन्समध्ये तीन वर्षांत ९३ टक्के व्यक्ती तोट्यात गेल्या, आणि मोठ्या संस्थांचा बहुतेक नफा यंत्रांनी केलेल्या सौद्यांतला होता. हे वाचून टेलिग्रामवर पाच हजारांत ‘अल्गो’ विकत घेणारे माझ्या ओळखीचे आहेत. सेबीने सप्टेंबर २०२२ मध्येच दलालांना अशा अल्गोंच्या परताव्याच्या जाहिरातींशी संबंध ठेवायला मनाई केली. आलेख मात्र अजून फिरतात, सगळे चढते.

शेवटचा भाग माझ्या जिव्हाळ्याचा. शंभरातले चाळीस सौदे नफ्याचे आणि साठ तोट्याचे, पण नफे मोठे, असा नियम चांगला मानला जातो. अशा नियमात शंभर सौद्यांत कुठेतरी सलग आठ तोटे येण्याची शक्यता जवळपास निम्मी असते. मी काय करतो, चाचणीतला प्रत्येक सौदा एकेका चिठ्ठीवर लिहितो, भिशीच्या डब्यात घालतो आणि हलवून पुन्हा ओळीने काढतो. तेच सौदे, नवा क्रम. कधी पहिल्याच महिन्यात सात तोटे लागतात. तशा क्रमात मी पुढचा सौदा केला असता का, हे डबा हातात धरून स्वतःला विचारतो. पहिल्यांदा हलवला तेव्हा खरं उत्तर ‘नाही’ असं आलं. मग सौद्याचा आकार निम्म्यावर आणला आणि पुन्हा हलवला.

तरीही मी चुकायचोच. माझ्याकडे एक वही आहे. पहिल्या रकान्यात नियमाने सांगितलेला भाव, दुसऱ्यात मिळालेला भाव, तिसऱ्यात फरकाचं कारण. तिसरा रकाना वाचणं शरमेचं काम आहे. ‘भाच्याचं लग्न.’ ‘वीज गेली.’ ‘अर्थसंकल्प तोंडावर, थांबलो.’ आणि सर्वांत जास्त वेळा, ‘धीर झाला नाही.’ न घेतलेल्या त्या सौद्यांची बेरीज केली, तर वर्षाचा बराचसा नफा तिथेच पडलेला होता.

माझी पत्नी तीस वर्षं नर्स होती. ती निवृत्त झाल्यावर तिच्या नावाचं खातं उघडलं, आणि मी फक्त रात्री कागद लिहून ठेवू लागलो. सकाळी चहा झाला की ती कागद वाचते, ऑर्डर टाकते, भाव आणि वेळ वहीत लिहिते, कागदावर टिक करते आणि भाजी निवडायला बसते. पहिल्याच वर्षी सलग नऊ तोटे आले. मी तिच्याभोवती घुटमळत होतो. म्हटलं, दहाव्याला जरा थांबायचं का? तिने चष्मा वर केला. ‘अहो, रात्री तुम्हीच लिहून दिलंय ना? मग आता ओट्यापासून बाजूला व्हा, मला डबा काढायचाय.’

त्या खात्याच्या वहीत तिसरा रकाना अजून कोराच आहे.