डाळीच्या गावात डाळ का शिजत नाही?

आज कोडिंग नाही, करिअर नाही. आज वरण. हसू नका, तुमच्यापैकी निम्मे जण हा भाग मेसच्या रांगेत उभे राहून ऐकत असणार.

लातूर म्हटलं की बाहेरच्या लोकांना दोन गोष्टी आठवतात, शिकवण्या आणि तूर. इथे दाळ मिल आहेत, तुरीचा मोठा बाजार आहे. निलंगा तालुक्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला तर २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं. आणि याच लातूरच्या ट्यूशन एरियातल्या कुठल्याही मेसच्या भटारखान्यात जा, सकाळी एकच तक्रार ऐकू येते: डाळ शिजंना!

माझी मामी तिथे मेस चालवते. सव्वाशेच्या आसपास पोरं जेवतात. क्लास सुटला की सगळी एकदम येतात, म्हणजे साडेबाराला वरण तयार पाहिजे म्हणजे पाहिजेच. वर्क फ्रॉम होम होतं तेव्हा मी काही आठवडे तिच्याकडे राहिलो होतो. एकदा मी म्हणालो, मामी, दुकानदारानं जुनी डाळ दिली वाटतं. तर ती म्हणाली, "डाळीला कशाला नावं ठेवालास? पाणी बघ की आधी."

मग आम्ही दोन कुकर लावले. डाळ एकाच पोत्यातली, माप तेच, शिट्ट्या तेवढ्याच. एकात बोअरचं पाणी, दुसऱ्यात जारचं. जारच्या पाण्यातली डाळ पळी फिरवताच एकजीव झाली. बोअरच्या पाण्यातली? दाणा वेगळा, पाणी वेगळं. चावली तर मधे कणी लागत होती.

कारण सोपं आहे. आपल्याकडचा खडक काळा बेसॉल्ट. त्यातून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम उतरतं, त्यालाच आपण जड पाणी म्हणतो. डाळीच्या दाण्यात पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन असतं. शिजताना ते विरघळलं की डाळ मऊ होते. पण कॅल्शियम त्याला जाऊन चिकटतं आणि आणखी घट्ट करतं. मग तुम्ही शिट्ट्या वाढवत बसा, गॅस जळतो आणि दाणा तसाच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतो. म्हणजे प्यायला चालणारं पाणी डाळीला चालेलच असं नाही.

यावर बऱ्याच ठिकाणी उपाय एकच, खायचा सोडा. सोड्यानं डाळ पटकन शिजते, खोटं कशाला बोलू. पण हात जरा सैल पडला की वरणाला साबणासारखी चव येते आणि डाळीतलं बी-१ जीवनसत्त्व नष्ट होतं. दोन वर्षं रोज दोन वेळा तेच जेवणाऱ्या पोरांसाठी ही लहान गोष्ट नाही.

मामीची पद्धत वेगळी आहे. डाळ धुवायची बोअरच्याच पाण्यानं, पण भिजवायची आणि शिजवायची जारच्या पाण्यात. हिशोब करा ना. पाच किलो डाळीला तिप्पट धरलं तरी पंधरा लिटर पाणी, वीस लिटरच्या एका जारात काम होतं. अर्धा तास भिजवली की शिट्ट्याही कमी लागतात. जार आला नाही तर ती बोअरचं पाणी आदल्या रात्री खळखळ उकळून ठेवते. सकाळी तळाला पांढरा थर बसलेला असतो, वरचं पाणी हलक्या हातानं काढून घ्यायचं. त्यानं सगळा जडपणा जात नाही, पण फरक पडतो.

आणि आंबट शेवटी! चिंच, टोमॅटो, आंबट चुका, काहीही असो, डाळ पूर्ण शिजल्यावरच घालायचं. आंबटानंही पेक्टिन घट्ट राहतं. लोक उगाच मिठाला दोष देतात. उलट भिजवताना चिमूटभर मीठ घातलं तर डाळ लवकर मऊ होते.

नांदेडचे श्रोते म्हणतील, आम्हाला हा त्रास नाही. बरोबर आहे, तुमच्याकडे विष्णुपुरीचं, गोदावरीचं पाणी येतं. नदीचं पाणी साधारणपणे बोअरपेक्षा हलकं असतं. पण नळाला पाणी नसलं की तिथल्या हॉटेलवाल्यालाही बोअरच चालू करावा लागतो.

लातूरला तर २०१६ चा उन्हाळा कोण विसरेल? मांजरा धरण कोरडं. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, पहिल्या गाडीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या दिवसांत मामीनं महिनाभर वरणच बंद ठेवलं होतं. पिठलं आणि ठेचा, बस्स. पिठल्याला शिजायला पाणीही कमी लागतं आणि वेळही. पोरांनी कुरकुर केली, पण मेस एक दिवसही बंद राहिली नाही.

अजूनही तिच्या भटारखान्यात डाळीच्या पाण्याचा ड्रम वेगळा असतो, त्यावर झाकण आणि झाकणावर पाटा. नव्या पोरीला कामावर घेतलं की पहिल्या दिवशी भाजी चिरायला नाही शिकवत, तो ड्रम दाखवते. "ह्यातलं पाणी भांड्याला लावायचं नाही."

उरलेल्या वरणाचं उन्हाळ्यात काय करायचं, ते पुढच्या भागात. त्यासाठी मामीलाच माइकसमोर बसवतोय. चला, जेवून घ्या.