वकील पानसरे : साक्षीपुराव्याचे राजकारण
(वाराणसीच्या बालाजी घाटावर मराठी श्रोत्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



या घाटावरील बालाजी मंदिरात उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनी वर्षानुवर्षे सनईचा रियाझ केला. आणि १६७४ साली शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक करणारे गागाभट्ट याच काशीचे, मूळ पैठणच्या घराण्यातले. महाराजांच्या क्षत्रियत्वाबद्दल स्वदेशीच्या ब्रह्मवृंदाने शंका काढली, म्हणून त्यांना येथून बोलवावे लागले. ही हकीकत कष्टकऱ्यांच्या सभांतून सोप्या मराठीत सांगणारा एक वकील कोल्हापुरात होता : कॉम्रेड गोविंद पानसरे.

नगर जिल्ह्यातील कोल्हार येथे १९३३ साली गरीब घरात त्यांचा जन्म झाला. घरची जमीन सावकाराने गिळलेली. शिक्षणासाठी कोल्हापूर गाठले; तेथे वर्तमानपत्रे विकली, नगरपालिकेत शिपायाचे काम केले, शिक्षकी केली. १९६४ पासून वकिली. अशा चढणीनंतर माणसे बहुधा बंगला बांधतात. पानसरे कामगार, घरकामगार, फेरीवाले यांची वकीलपत्रे घेत राहिले आणि भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे राज्य सचिव झाले. कोल्हापूरच्या टोलविरोधी आंदोलनात ते उतारवयातही अग्रभागी होते.

परंतु त्यांचे खरे सामर्थ्य उलटतपासणीत होते. १९८७ साली त्यांनी एक भाषण केले; त्याचीच पुढील वर्षी ‘शिवाजी कोण होता?’ ही पुस्तिका झाली. तीत आवेश थोडा, पुरावा फार. महाराजांच्या तोफखान्यावर इब्राहीमखान, आरमारात दौलतखान, चिटणिशीत काझी हैदर. उलट त्यांच्यावर चालून आलेला मोगल सेनापती मिर्झाराजे जयसिंग हिंदू. मग हा लढा धर्माधर्मांचा कसा? रयतेच्या भाजीच्या देठासही हात लावू नये, अशी ताकीद देणारा राजा शेतकऱ्याला आपला वाटला, हे त्याचे खरे कारण. पोथीनिष्ठ भाषेत बोलणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना ही शैली साधलेली नाही, हे येथे स्पष्टच सांगतो.

ज्यांना या प्रश्नाचे उत्तर देता येईना, त्यांचा राग वाढत गेला. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी सकाळी फेरफटक्याहून परतताना पानसरे आणि उमाताई यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. उमाताई बचावल्या, २० तारखेस पानसरे मुंबईत निधन पावले. दीड वर्षापूर्वी पुण्यात डॉ. दाभोलकर, सहा महिन्यांनी धारवाडला प्रा. कलबुर्गी. पानसरे खून खटल्यात आरोपनिश्चिती व्हायला २०२३ साल उजाडले.

पुस्तिकेच्या प्रती आणल्या आहेत; वरच्या पायरीवर मांडल्या आहेत. जाताना अवश्य पाहाव्यात.