कूस कोण बदलणार?

(संघटनेच्या जिल्हा मेळाव्यात ‘म्हातारपण आणि बाईचे श्रम’ या सत्रात नर्सिंगच्या एका विद्यार्थिनीने केलेलं भाषण.)



मला बोलायला सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं होतं. मी जी.एन.एम.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. अजून धड नर्सही झालेली नाही, मग तुम्हाला काय सांगणार? पण आपल्या ताई म्हणाल्या, ‘व्याख्यान देऊ नकोस. तुझं मत कसं बदललं तेवढंच सांग.’ म्हणून तेवढंच सांगते.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाडीतली. डांबरी रस्ता वर, घरं खाली, मध्ये पाखाडी. आमच्याकडे निम्म्या घरांना कुलपं आहेत, ती गणपतीला आणि शिमग्याला उघडतात. २०११ च्या जनगणनेत आमच्या जिल्ह्यात १००० पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. बाहेरची माणसं हा आकडा ऐकून म्हणतात, वा, कोकणात बायकांचं बरं आहे! आमचं बरं आहे म्हणून हा आकडा मोठा झालेला नाही. बाप्ये मुंबईला गेले म्हणून तो मोठा दिसतो. मागे राहतात म्हातारी माणसं आणि त्यांचं करणाऱ्या बायका. त्या बायकाही आता साठीला आल्या.

नर्सिंगला आले तेव्हा माझ्या डोक्यात दोन गोष्टी पक्क्या होत्या. पहिली, म्हाताऱ्या माणसांचं घरच्यांनीच करायचं असतं. जे करत नाहीत ते वाईट, आणि वृद्धाश्रम म्हणजे तर कलंकच. ‘घरचे’ म्हणजे नेमकं कोण, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. दुसरी गोष्ट म्हणजे फोनवरचा डॉक्टर. माझे आजोबा आजारी असताना त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून चार माणसं पाखाडी चढायची, पुढे गाडीने तालुक्याला. कशासाठी? तर रक्तदाबाच्या त्याच गोळ्या पुन्हा लिहून घ्यायला. आणि चार माणसं तरी कुठून आणायची?

त्यामुळे ‘ई-संजीवनी’बद्दल कळलं तेव्हा मला फार आनंद झाला. केंद्र सरकारची ही सेवा नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली. उपकेंद्रातल्या कर्मचाऱ्याने रुग्णाला समोर बसवून लांबच्या डॉक्टरशी जोडून द्यायचं. कोरोनात, एप्रिल २०२० पासून, घरूनही फोनवर डॉक्टरशी बोलता येऊ लागलं. फेब्रुवारी २०२३ पर्यंत १० कोटी सल्ले देऊन झाले होते. मी वर्गात भाषण ठोकलं होतं, की आता म्हाताऱ्यांचा प्रश्न सुटला!

पहिला धक्का वॉर्डात बसला. अर्धांगाचा झटका येऊन गेलेली एक आजी दाखल झाली. माकडहाडावर मोठी जखम, आत हाडापर्यंत गेलेली. बरोबर सून. मी तिला सगळ्यांसमोर बोलले, ‘इतकं होईपर्यंत लक्ष नव्हतं का तुमचं?’ ती काहीच बोलली नाही. रात्रपाळीला ती जिन्यात बसलेली दिसली. मी जवळ गेले. तिने हातातली फाईल पुढे केली. तिने दोनदा फोनवरून डॉक्टरांना विचारलं होतं, रक्तदाबाच्या गोळ्या बदलून घेतल्या होत्या, एकही गोळी चुकवली नव्हती. म्हणाली, ‘बाय, गोळ्या सगळ्या दिल्या. कूस बदलायची असते हे मला कोणी सांगितलंच नाही.’

मैत्रिणींनो, मी गप्प झाले. फोनवरच्या डॉक्टरांचीही चूक म्हणता येत नव्हती. त्यांना आजीचा चेहरा दिसत होता. पाठ कोणी दाखवली नव्हती, आणि त्यांनी मागितली नव्हती.

मग मी हिशेब मांडला. अंथरुणावरच्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी असं आम्हाला शिकवतात. म्हणजे चोवीस तासांत १२ वेळा. वॉर्डात हे काम तीन पाळ्यांत होतं आणि एका वेळी दोघी लागतात. ही बाई ते एकटी करणार होती. नवरा मुंबईला, दोन मुलं शाळेत, शेतात लावणी चाललेली. तिची पाळी संपवायला दुसरं कोणी येत नव्हतं. मला पगार मिळणार आहे, युनिफॉर्म आहे, सुट्टी आहे. तेच काम ती करते तेव्हा त्याला कर्तव्य म्हणतात, आणि चुकलं की माझ्यासारखी शिकलेली पोर तिलाच बोलते.

सरकारच्याच २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत असं दिसलं की घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि करणारे पुरुष ९७ मिनिटं. २०२४ च्या पाहणीत बायकांचे २९९ चे २८९ झाले. पाच वर्षांत दहा मिनिटं! आणि पुरुषांची? तीही कमी होऊन ८८ झाली.

दुसरा धक्का गावातल्या पोस्टिंगमध्ये बसला. आशाताईंबरोबर आम्ही घरोघर जायचो. एका घरी सत्तरीची काकी. मुलगा सुट्टीवर आलेला, त्याने मोठ्या मायेने आईला फोनवर डॉक्टर जोडून दिला. फोन त्याचा, नंबर त्याचा, ओटीपी त्याच्याच फोनवर आला, आणि फोन हातात धरून तो समोर उभा. डॉक्टरांनी विचारलं, काय त्रास होतो? काकी म्हणाली, ‘गुडघे दुखतात.’ गुडघ्याची गोळी मिळाली. तो पाणी आणायला आत गेला तेव्हा काकीने माझा हात घट्ट धरला. म्हणाली, ‘अंग बाहेर येतं गो. धाकटा झाल्यापासून.’ धाकटा म्हणजे हाच, चाळिशीचा. म्हणजे चाळीस वर्षं ती ते अंग दाबून धरून शेणाच्या पाट्या वाहत होती. नीट बसता येत नव्हतं, लघवी थांबत नव्हती, म्हणून लग्नाकार्याला जाणंही तिने सोडलं होतं.

मुलगा वाईट नव्हता. त्याने आईसाठी जे सुचलं ते केलं. पण आपल्या आजाराचं नावसुद्धा मुलासमोर घेता येत नाही, हे शिक्षण बाईला लहानपणापासून मिळालेलं असतं. फोन घरात आला म्हणजे तो बाईच्या हातात आला असं होत नाही. फोनवरून उपचार करण्याचे सरकारी नियम मार्च २०२० मध्ये आले. त्यात संमती रुग्णाची लागते असं म्हटलं आहे. पण खोलीत कोण उभं आहे, हे कोण विचारणार? पुढच्या आठवड्यात आम्ही काकीला तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तपासून रिंग बसवली. काकी परत येताना एसटीत खिडकीशी नीट टेकून बसली होती. एवढंच, पण मला ते विसरता येत नाही.

मग फोनवरचा डॉक्टर नकोच का? असं मी म्हणणार नाही. त्याच पोस्टिंगमध्ये मी उलटंही पाहिलं. मधुमेहाच्या एका आजींच्या पायाला जखम झाली होती. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकारी बाई स्वतः पाखाडी उतरून गेल्या, जखम धुतली, डॉक्टरांना व्हिडिओवर दाखवली, त्यांनी सांगितल्याप्रमाणे ड्रेसिंग केलं आणि एक दिवसाआड जात राहिल्या. जखम भरली, पाय वाचला, खुर्चीतून वर न्यावं लागलं नाही. दोन्हींत फरक कशाचा? या टोकाला एक शिकलेला हात होता, आणि त्या हाताला त्याचा पगार होता. नुसत्या फोनने डॉक्टरचं अंतर कमी होतं, अंथरुणाजवळचं काम कमी होत नाही. उलट ‘आता घरीच सगळं होतं’ असं म्हणून ते आणखी एका बाईच्या गळ्यात पडतं.

आपल्या राज्यातल्या गरीब वृद्धांच्या योजनेचं नाव काय? श्रावणबाळ. ६५ वर्षांवरच्या गरीब माणसांना दरमहा १५०० रुपये मिळतात, ते मिळालेच पाहिजेत आणि वाढलेही पाहिजेत. पण नावाकडे बघा. कावड मुलाच्या खांद्यावर. आमच्या वाडीत मी खूप कावडी पाहिल्या, खांदा प्रत्येक वेळी सुनेचा, नाहीतर नांदायला न गेलेल्या लेकीचा होता. २००७ चा आईवडिलांच्या निर्वाहाचा कायदा आहे. तो मुलांकडून पैसे मिळवून देऊ शकतो. पण मध्यरात्री अंथरूण ओलं झालं तर उठायचं कोणी, याचं उत्तर त्यात नाही.

उत्तर कुठेच नाही असं नाही. केरळने २००८ मध्ये परिहार सेवेचं, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या दुखण्यांत त्रास हलका करण्याच्या उपचारांचं, सरकारी धोरण केलं. तिथे ग्रामपंचायतींच्या पैशातून नर्स अंथरुणावरच्या माणसाच्या घरी जाते. जखम बघते, नळी बदलते, घरातल्या माणसाला शिकवते. म्हणजे हे होऊ शकतं. आणि आपल्याकडे काय चाललंय? फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या राज्य सरकारने जर्मनीतल्या एका राज्याशी कुशल माणसं पाठवण्याचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. माझ्या वर्गातल्या काहीजणी जर्मन शिकताहेत. मी त्यांना दोष देत नाही, त्यांच्या घरी कर्ज आहे. पण जर्मनीतल्या आजीला आमचे हात आणि आमच्या आजीला फोन, ही वाटणी मला पटत नाही.

शेवटी माझ्याच घरचं सांगते, नाहीतर हे सगळं दुसऱ्यांना शिकवणं होईल. माझी आजी वर्षभर अंथरुणाला आहे. मी हॉस्टेलला राहून शिकू शकते, कारण तिचं सगळं आई करते. मी विचारलं तर म्हणाली, ‘तू शिक. मी आहे ना इथं.’ मी सुनेला ओरडले होते, आणि माझं शिक्षण दुसऱ्या एका सुनेच्या पाठीवर चाललं होतं. वडील मुंबईची नोकरी सुटल्यावर परत आलेत. ओटीवर बसून ‘आईला बघा गं’ एवढं म्हणायचे. दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांना आत बोलावलं. गुडघा कसा वाकवायचा, चादरीला धरून कसं वळवायचं, पाठीमागे उशी कशी लावायची ते दाखवलं. माकडहाड, खुबा, टाच रोज बघायची. लाल दिसलं तर बोटाने दाबायचं, दाबूनही लाली फिकी झाली नाही तर तो धोका समजायचा. तिथे चोळायचं नाही. पहिल्या दिवशी त्यांचे हात थरथरत होते. आजी म्हणाली, ‘तू कशाला? ती करील.’ तिसऱ्या दिवशी काही बोलली नाही. आता रात्रीची पाळी वडिलांची आहे. आई रात्री झोपते. आमच्या घरात क्रांती झालेली नाही, धुणं अजून तीच धुते. पण बाप्याला हे जमत नाही, हे मी आता कोणाकडून ऐकून घेणार नाही.

आपल्या संघटनेने या गोष्टी लावून धराव्यात असं मला वाटतं. अंथरुणावरच्या प्रत्येक माणसाच्या घरी पगारी नर्स ठरलेल्या दिवशी गेली पाहिजे, आणि ते काम आशाताईच्या माथी फुकट मारलेलं नको. फोनवरच्या तपासणीत बाईला एकटीने बोलण्याची जागा मिळाली पाहिजे. म्हाताऱ्यांचं करणाऱ्या बाईला मधूनमधून विसावा देणारी सोय तालुक्याला हवी. वृद्धाश्रम हा शब्द मी आता कलंक म्हणून उच्चारत नाही. चांगली, स्वस्त, सरकारी जागा असेल तर तिथे राहणं हाही म्हाताऱ्या बाईचा हक्क आहे. आणि आपल्या प्रत्येक शिबिरात एक तास बाप्यांना बोलावून कूस बदलायला शिकवायची. शिकवायला मी येईन, चादर तेवढी तुमची आणा.

त्या जिन्यातल्या सुनेची मी माफी मागितली होती. ती म्हणाली, ‘राहू दे बाय, तू तरी विचारलंस.’ विचारायला मला तीन वर्षं लागली. तुम्ही आज घरी गेलात की विचारा, आपल्या घरात रात्री कोण उठतं?