धुराचे ओझे कोणी उचलायचे?



मागच्या बैठकीत आपण हवा का तापते ते पाहिले. बैठक उठता उठता एका बाईंनी मला अडवले. म्हणाल्या, "गुरुजी, मोठाल्या गिरण्या त्यांच्या, मोटारी त्यांच्या, धूर त्यांचा. पाऊस मात्र आमचा बिघडतो. मग हा धूर कमी करायला ते देश काही करतात की नाही?"

प्रश्न रास्त आहे. आज त्याचेच उत्तर देतो.

आधी थोडी उजळणी करू. दगडी कोळसा, पेट्रोल, डिझेल जळले की कर्बवायू निघतो. तो डोळ्यांना दिसत नाही. पण तो हवेत शेकडो वर्षे टिकतो. पृथ्वीवर त्याची जणू गोधडी पडते. एक गोधडी असली तर ऊब मिळते. ती नसती तर पृथ्वी गारठली असती. पण दरवर्षी एकीवर एक गोधडी पडत गेली तर? जीव घुसमटतो. गिरण्यांचे युग सुरू होण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे 280 भाग होते. आता ते 420 च्या वर गेले आहेत. त्यामुळे पृथ्वी सरासरी एका अंशाहून अधिक तापली आहे. आकडा लहान वाटतो. पण अंगात एक-दोन अंश ताप चढला तर माणूस अंथरूण धरतो, हे आपण जाणतोच.

आता कोणत्या देशाने काय केले ते पाहू.

पहिली विलायत. कोळसा जाळून लोकांना वीज देणारे पहिले केंद्र लंडन शहरात 1882 साली सुरू झाले. कोळशावर तो देश श्रीमंत झाला. अगदी 2012 साली तिथे शंभरातली सुमारे चाळीस भाग वीज कोळशाची होती. आणि 30 सप्टेंबर 2024 रोजी तिथले शेवटचे कोळशाचे वीजकेंद्र बंद झाले! हे कसे साधले? 2008 साली त्यांनी कायदा केला, की धूर अमुक इतका उतरवायचाच. सरकार बदलले तरी कायदा राहिला. मग कोळशाच्या धुरावर आकार बसवला. कोळशाची वीज महाग पडू लागली. तोवर समुद्रात मोठमोठ्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या. काही वीज जमिनीतल्या गॅसवर केली. गॅसही कर्बवायू सोडतो, पण कोळशाच्या निम्म्याच्या आसपास. दगडापेक्षा वीट मऊ, इतकेच.

पण मंडळी, खाणीत राबणाऱ्या माणसांचे काय झाले? विलायतेतल्या पुष्कळ खाणी त्याआधीच बंद पडल्या होत्या. त्या हवेसाठी नव्हे, तर तोटा होतो म्हणून. त्याविरुद्ध कामगारांनी 1984-85 साली वर्षभर संप केला. ते हरले. खाणीवर जगणारी गावेच्या गावे बसली, ती कित्येक वर्षे सावरली नाहीत.

यापासून जर्मनीने धडा घेतला. तिथे 2020 साली कायदा झाला, की फार तर 2038 पर्यंत कोळशाची वीज बंद करायची. पण त्याच वेळी कोळशाच्या मुलखासाठी 40 अब्ज, म्हणजे चार हजार कोटी युरोपर्यंत रक्कम राखून ठेवली. नवे उद्योग, रेल्वे, शाळा यांसाठी ती खर्चायची. काही जण म्हणतात, 2038 फार उशीर झाला. ते खोटे नाही. तरी खाणकामगाराला रस्त्यावर सोडायचे नाही, ही गोष्ट मात्र त्यांनी आधी ठरवली.

आता उत्तरेकडच्या स्वीडनकडे जाऊ. तिथे थंडी कडाक्याची. घर तापवले नाही तर माणूस जगणार नाही. या देशाने 1991 साली धुरावर कर बसवला. आपण पाणीपट्टी भरतो ना, तशी ही धूरपट्टी समजा. जो जास्त तेल-कोळसा जाळील, त्याने जास्त पट्टी भरायची. सुरुवातीला पट्टी थोडी होती. मग वर्षानुवर्षे ती वाढवत नेली. लोकांना सवय व्हायला वेळ मिळाला. शिवाय त्याच सुमारास लोकांच्या कमाईवरचा कर कमी केला. आणि महत्त्वाचे म्हणजे तेलाला दुसरा पर्याय दिला. गावात एके ठिकाणी लाकडाचा टाकाऊ चुरा आणि कचरा जाळायचा, पाणी तापवायचे आणि ते नळाने घरोघर फिरवायचे. स्वीडनचा धूर 1990 च्या मानाने सुमारे एक तृतीयांश उतरला. देश गरीब मात्र झाला नाही.

अशीच पट्टी फ्रान्सनेही लावली होती. 2018 साली तिथल्या सरकारने डिझेल-पेट्रोलवरचा कर आणखी वाढवायचे ठरवले. शहरातल्या माणसाला आगगाडी होती. खेड्यातल्या माणसाला मोटारीशिवाय कामावर जाता येत नव्हते. त्याच्या हातात पर्याय काहीच नव्हता. लोक पिवळी जाकिटे घालून रस्त्यावर उतरले. नाके अडवले. सरकारला ती वाढ मागे घ्यावी लागली. कर तोच, पण एकीकडे लोकांनी सोसला आणि दुसरीकडे फेकून दिला. का? ओझे कोणाच्या डोक्यावर पडते, हे आधी पाहिले नाही म्हणून.

आता एका बेटाची गोष्ट सांगतो. डेन्मार्क देशात साम्सो नावाचे बेट आहे. वस्ती चार हजारांच्या आतबाहेर. बहुतेक शेतीवाडीचे लोक. 1997 साली सरकारने एक स्पर्धा लावली, की आपल्याच वाऱ्यावर, उन्हावर आणि शेतातल्या काडावर कोणते बेट चालून दाखवील? साम्सो निवडले गेले. सरकारने पैशांची थैली पाठवली नाही. लोक बैठकीला बसले. पुष्कळ बोलणी झाली. मग काही शेतकऱ्यांनी स्वतः पवनचक्क्या घेतल्या. काही चक्क्यांत गावकऱ्यांनी मिळून भाग घेतले, आपण साखर कारखान्याचे भाग घेतो तसे. जमिनीवर 11 आणि समुद्रात 10 चक्क्या उभ्या राहिल्या. घरे गव्हाच्या काडावर तापू लागली. मोटारी मात्र तेलावरच राहिल्या. त्याची भरपाई म्हणून जास्तीची वीज समुद्राखालच्या तारेने ते बाहेर पाठवू लागले. परक्याच्या चक्कीचा आवाज कानाला खुपतो. स्वतःच्या चक्कीचा आवाज गोड लागतो.

त्याच डेन्मार्कने 2024 साली आणखी एक गोष्ट ठरवली. गुरे रवंथ करताना एक वायू सोडतात. तोही पृथ्वीवरची गोधडी जाड करतो. त्यावर 2030 पासून कर घ्यायचा. तो ठरवताना शेतकऱ्यांच्या संघटनेला बैठकीत बसवून घेतले. पण त्यांच्या गोठ्यांत शेकड्यांनी गुरे असतात, हेही ध्यानात ठेवा. दोन म्हशींवर पोट भरणाऱ्याला तोच माप लावणे बरे नव्हे.

आणि जंगलाचे काय? अमेरिका खंडाच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत कोस्टा रिका हा छोटा देश आहे. तिथे कुरणांसाठी रान इतके तोडले, की डोंगर उघडे पडले. 1996 साली कायदा करून त्यांनी ही तोड थांबवली. 1997 पासून रान राखणाऱ्या शेतकऱ्याला दरसाल मोबदला देऊ लागले. पैसा कुठून आणला? पेट्रोल-डिझेलवरच्या करातून. धूर करणाऱ्याने पैसे द्यायचे, झाडे राखणाऱ्याने घ्यायचे. आज त्या देशाच्या निम्म्याहून अधिक जमिनीवर पुन्हा रान आहे.

आता बाईंच्या प्रश्नाचा दुसरा भाग. धूर त्यांचा, मग आम्ही का सोसायचे? हिशेब असा आहे. अमेरिकेतल्या एका माणसामागे वर्षाला सुमारे 14 टन कर्बवायू निघतो. आपल्या देशात माणशी सुमारे 2 टन. 2009 साली श्रीमंत देशांनी वचन दिले, की 2020 पर्यंत गरीब देशांना दरवर्षी 100 अब्ज डॉलर मिळवून देऊ. ते वचन 2022 साली प्रथम पुरे झाले, दोन वर्षे उशिरा. 2015 साली पॅरिस शहरात सर्व देशांचा करार झाला. प्रत्येकाने आपले वचन आपण लिहायचे, दर पाच वर्षांनी वाढवायचे. पण वचन मोडले तर दंड नाही. 2025 च्या जानेवारीत अमेरिकेने या करारातून पुन्हा बाहेर पडत असल्याचे जाहीर केले.

म्हणजे बाईंचे गाऱ्हाणे खरे आहे. पण ऊन आणि अवकाळी पाऊस हिशेब विचारून येत नाहीत. म्हणून आपल्या देशानेही वचन दिले आहे. 2030 पर्यंत वीज करण्याची निम्मी ताकद ऊन, वारा, पाणी, अणू यांची असावी, असे ठरले होते. ते 2025 सालीच साधले. परंतु रात्री ऊन नसते, वारा रोज नसतो. त्यामुळे प्रत्यक्ष वीज अजून बहुतांशी कोळशाचीच आहे. 2070 पर्यंत हा हिशेब शून्यावर आणायचा आहे.

उद्या चंद्रपूरकडच्या कोळसा खाणी आणि वीजकेंद्रे हळूहळू थांबतील, तेव्हा तिथल्या कामगाराचे काय? तेव्हा विलायतेच्या खाणगावांची आठवण ठेवावी लागेल. आपल्या राज्यात 2017 पासून पंपांना दिवसा वीज मिळावी म्हणून सौर योजना चालली आहे. तिच्यासाठी भाड्याने जमीन घेतात. तुमच्या गावात असे काही आले तर घाबरू नका आणि नुसते 'हो'ही म्हणू नका. ग्रामसभेत उभे राहा आणि तीन गोष्टी विचारा. जागेचे भाडे किती आणि किती वर्षांचे? वीज आणि काम गावाला काय मिळणार? यात गावाला भाग घेता येईल का? कागदावर अंगठा उठवायचे दिवस गेले. आता तुम्ही तो कागद वाचू शकता. वाचूनच सही करा.

गोवर्धन उचलला तेव्हा गोपाळांनीही आपापल्या काठ्या लावल्या होत्या. लहानाने लहान काठी लावावी, मोठ्याने मोठी. मोठ्याने काठी बाजूला ठेवून लहानाला पुढे ढकलू नये, एवढेच आपले सांगणे आहे. तेही आपण मोठ्याने सांगितले पाहिजे.

पुढच्या बैठकीला येताना आपले विजेचे बिल घेऊन या. ते कसे वाचायचे ते पाहू. राम राम.