विद्वानाचें वेतन

पडघा हें भिवंडी तालुक्यांतील, मुंबई-नाशिक हमरस्त्यावरचें गांव. तेथील जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचें पगाराचें देयक भिवंडीच्या पंचायत समितीमार्फत ठाण्यास जातें. शिकविणें पडघ्यास, सही ठाण्यास. हें अंतर थोड्या मैलांचें आहे. परंतु विद्वान आणि खजिना यांमधील अंतर इतिहासांत फार जुनें आहे.

बाराव्या शतकांत कॉन्स्टँटिनोपल येथें योहान्नेस त्झेत्झेस नांवाचा व्याकरणपंडित होता. अध्यापन व ग्रंथलेखन यांवर त्याचा चरितार्थ चाले. जर्मनीहून आलेल्या आयरीन राणीनें होमरच्या ‘इलियड’ काव्याचा अर्थ सुलभ पद्यांत सांगण्याचें काम त्याजकडे सोंपविलें. मोबदला लिहिलेल्या पानांच्या जुडीगणिक ठरला. पंडितानें मोठ्या जुड्या दाट भरून दिल्या. कारभाऱ्यानें त्या लहान जुड्यांच्या हिशेबानें मोजल्या. तक्रारीचें पत्र राणीकडे गेलें. पुढें उरलेला ग्रंथ दुसऱ्या आश्रयदात्यासाठीं पुरा झाला. राणीचें औदार्य खोटें नव्हतें; कारभाऱ्याच्या मापांतून उतरतां उतरतां तें आटलें.

पेशवाईंत पुण्यास श्रावणांत दक्षिणा वांटली जाई. निवडक शास्त्र्यांची परीक्षा होऊन त्यांचा विशेष सन्मान होई. इतर हजारों ब्राह्मणांना पर्वतीच्या पायथ्याशीं रमण्यांत कोंडीत आणि एकेकास बाहेर सोडतांना दक्षिणा देत. दात्याचा हात मोठा, पण घेणाऱ्याचें मोल दारावर ठरे. १८१८ नंतर एल्फिन्स्टननें ह्या कामीं सालीना ५०,००० रुपये राखले. १८४९ मध्यें पुण्यांतील सुधारकांनीं अर्ज केला कीं, ह्या रकमेंतील कांहीं भाग मराठी ग्रंथकारांस द्यावा. त्यांतून १८५१ मध्यें दक्षिणा प्राइझ कमिटी निघाली. दानाच्या जागीं कामाचा मोबदला, हा विचार तेथें रुजला.

तो अद्यापि पुरता फळास आलेला नाहीं. २००१ मध्यें महाराष्ट्रांत नव्या शाळांवर ‘कायम विनाअनुदानित’ ही अट आली. २००९ मध्यें, इंग्रजी माध्यमाच्या शाळा वगळून, ‘कायम’ हा शब्द काढण्यांत आला. परंतु शब्द निघाला म्हणून वेतन निघालें नाहीं. पात्र शाळांस वीस टक्के अनुदान देण्याचा निर्णय व्हावयास २०१६ साल उजाडलें, आणि तोंवर शिक्षकांस मुंबईच्या आझाद मैदानावर वारंवार बसावें लागलें.

दक्षिणा ही दात्याची मर्जी. वेतन हा काम करणाऱ्याचा हक्क. हक्कासाठीं आर्जव करावें लागलें कीं त्याची पुन्हा दक्षिणा होते. पडघ्याच्या शाळेंत फळ्यावर रोज सकाळीं तारीख लिहिली जाते. ती जितकी निश्चित, तितकीच ती लिहिणाऱ्याच्या पगाराची तारीखही निश्चित असावी.