नागीण उठली असता



अंगाच्या एका बाजूला आधी आग होते, ठणका लागतो, आणि दोन-चार दिवसांनी पट्ट्यासारखे पाणीदार फोड उठतात. याला आपण नागीण म्हणतो. तिचे तोंड आणि शेपूट मिळाले की माणूस दगावतो, ही समजूत फार जुनी. माझे मामा या धास्तीने चार रात्री झोपले नाहीत. गेरूचा लेप झाला, मंतरलेले पाणी झाले, नि पाचव्या दिवशी डॉक्टर! फोड वाळले, पण बरगडीखालचा ठणका सहा महिने हटला नाही. सदरा घासला तरी ते कळवळत.

नागीण हा कोणाचा कोप नव्हे. पूर्वी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूच्या मुळाशी वर्षानुवर्षे दबा धरून बसतो आणि उतारवयात किंवा अशक्तपणात त्या तंतूच्या वाटेने कातडीवर येतो. तंतू अंगाच्या एकाच बाजूचा, म्हणून पट्टाही बहुधा मध्यावर थांबतो. तोंड-शेपूट मिळायचे कोठून?

यावर अ‍ॅसायक्लोव्हिर नावाच्या गोळ्या आहेत. त्यांच्या शोधात मोठा वाटा असलेल्या गर्ट्रूड एलियन या बाईंना १९८८ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. (बाई पीएच. डी. झालेल्या नव्हत्या, हे आम्हां प्राध्यापक मंडळींनी ध्यानात ठेवावे!) हे औषध जागे होते ते विषाणूच्याच एका द्रव्यामुळे, म्हणून निरोगी पेशींना त्याचा फारसा उपद्रव नाही. ते विषाणूची वाढ रोखते. दडलेला विषाणू समूळ काढीत नाही. तेव्हा वाढ चालू आहे तोवरच, म्हणजे फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत, ते सुरू झालेले बरे. उशीर झाला म्हणून घरी मात्र बसू नका. नवे फोड येत असतील तर डॉक्टर तेव्हाही देतात.

मोठ्या माणसाला सहसा ८०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून पाच वेळा, सात दिवस देतात. पाच वेळा का? औषध काही तासांतच लघवीवाटे निघून जाते. मामांनी काय केले, तीन गोळ्या जेवणांबरोबर आणि उरलेल्या दोन निजताना एकदम! तसे करू नये. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहा, या वेळा गुरुजींनी कागदावर मांडून दिल्या तर म्हाताऱ्या माणसाची मोठी सोय होईल. एखादी गोळी चुकली तर पुढच्या वेळी दोन घेऊ नयेत. फोड सुकू लागले म्हणून मधेच थांबूही नये.

खरी काळजी मूत्रपिंडांची. पाणी भरपूर प्यावे. मूत्रपिंडाचे दुखणे असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगावे. मात्रा कमी करावी लागते. ठणक्यासाठी दुकानातून वेदनाशामक गोळ्या आपल्या मनाने आणू नयेत, त्यांतल्या काही मूत्रपिंडांवर आणखी भार टाकतात. गोळ्या चालू असताना म्हातारा माणूस असंबद्ध बोलू लागला, नसलेली माणसे दिसू लागली किंवा लघवी कमी झाली, तर बाहेरचे काही लागले म्हणून भगताकडे धावू नका. औषध अंगात साठले असेल. त्याला तडक दवाखान्यात न्या.

आणि फोड कपाळावर, पापणीवर वा नाकाच्या शेंड्यावर असतील, तर तीन दिवसांचा हिशेब करीत बसू नका. डोळा जाण्याची भीती असते. त्याच दिवशी, मिळेल त्या गाडीने, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.